कटाच्या दोन वाट्या

नाहूर, २७ जानेवारी २०२५

सौ. कुंदाताईंना सुगंधा परबचा नमस्कार.

दिवाळीत तुम्ही मुलुंड सोडून बोरिवलीला मुलाजवळ राहायला गेलात आणि डायलिसिस सेंटरबाहेरच्या आपल्या बाकाची मजाच गेली. आता माझ्या शेजारी एक बाई बसते. चार तास मोबाईलवर मालिका बघते आणि मधेच मान वर करून "तुमचे किती वर्षांपासून?" एवढंच विचारते. आपण दोघी दोन वर्षं मंगळवार, गुरुवार, शनिवार किती बोललो! आत आपले नवरे मशीनला जोडलेले आणि बाहेर आपण मेथी निवडतोय. तुम्हाला फोन करून काही उपयोग नाही. मी ओरडते, सगळी चाळ ऐकते, फक्त तुम्हाला ऐकू जात नाही. म्हणून पोस्टातून पाकिटं आणलीत.

बातमी मोठी आहे. माझी किडनी यांना चालते! रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्याही होत आल्यात. ऑपरेशनची तारीख मिळाली, २४ एप्रिल. आमचा नितेश रडला हो, एवढा तीस वर्षांचा घोडा. हे मात्र म्हणतात, "सुगंधा, तुझी किडनी घेतली तर मी पण तुझ्यासारखा भांडकुदळ होईन."

पण डॉक्टरांनी एक अट घातलीय. तोवर पोटॅशियम पाचाच्या आत ठेवायचं. मला वेगळं बोलावून सांगितलं, "बाई, पोटॅशियम वाढलं की हृदय बंद पडतं. ताप येत नाही, दुखत नाही, काही कळत नाही." तेव्हापासून माझी झोप उडालीय. तीन महिने यांना नीट ठेवायचं, मग माझी किडनी आणि यांचं नशीब.

मला रोज हॉस्पिटलात खेपा आहेत, घरी मोजूनमापून रांधायला वेळ नाही. नितेश म्हणतो, हल्ली किडनीवाल्यांसाठी चिरलेली भाजी आणि मोजलेला मसाला खोक्यातून घरी येतो. आठवड्याचे पैसे भरायचे, शिजवायचं आपण. मी म्हटलं, आज चिरून देतायत, उद्या चावून देतील. पण तुम्ही अशी तीन खोकी लावून बघितलीत ना? कुठलं चांगलं ते कळवा. तुमचं सगळं आखीव असतं, मला तेच पाहिजे.

साहेब कसे आहेत? आमच्या यांनी खूप आठवण काढलीय. साहेबांच्या खाटेवर आता जो माणूस येतो तो चार तास घोरतो.

तुमची,
सुगंधा

*

बोरिवली, ४ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुगंधा,

अनेक आशीर्वाद. तुझं पाकीट आमच्या निहारने आणून दिलं. ते मी दोन दिवस टेबलावर तसंच ठेवलं होतं. मग उघडलं, आणि उघडलं ते बरं केलं. तारीख मिळाली, फार मोठं काम झालं. सहदेवरावांना सांग, भांडकुदळ माणसं जास्त जगतात.

आता खोक्यांविषयी. तीस वर्षं विम्याच्या कचेरीत लोकांचे दावे तपासले, त्यामुळे जाहिरातीवर माझा विश्वास बसत नाही. तिन्ही खोकी मी तराजूवर घालून बघितली.

पहिलं 'समतोल'. पवईतल्या शिकलेल्या मुलांनी काढलंय. खोकं इतकं देखणं की फेकवत नाही. भाजी ताजी, बर्फाच्या पिशव्या घातलेल्या, पण कार्डावरची अक्षरं मुंगीएवढी आणि सगळं इंग्रजीत. शिवाय त्यांना वाटतं की आजारी माणूस म्हणजे परदेशी माणूस. एका आठवड्यात तीनदा झुकिनी आली. ही दुधीची श्रीमंत बहीण आहे, चव तिलाही नाही.

दुसरं 'घरघास'. साकीनाक्याच्या एका गाळ्यातून येतं. चवीला सगळ्यांत बरं, पण माणसं बेभरवशाची. सोमवारचं मंगळवारी येतं. मिठाच्या पुड्या एकदा दोन आल्या, एकदा एकही आली नाही. किडनीच्या पेशंटला मिठाच्या दोन पुड्या पाठवणाऱ्यांना काय म्हणायचं ते तू म्हण, तुझा शब्दसंग्रह मोठा आहे.

तिसरं 'मापात'. मुलुंडच्या दोघी आहारतज्ज्ञ बायका चालवतात. कार्ड मराठीत, ठळक. भाज्या आपल्या, पडवळ, दुधी, कोबी, घोसाळं. प्रत्येक कार्डावर खाली पोटॅशियमचा आकडा. चव बेताचीच. पण तुला एप्रिल गाठायचाय, चवीचं नंतर बघू. 'मापात' घे आणि कार्डावरची ओळ न् ओळ पाळ.

हे बरे आहेत. सकाळी खिडकीत बसून पेपर वाचतात आणि बातम्यांवर चिडतात. काल पडवळाची भाजी खाल्ली, तक्रार केली नाही.

कुंदाताई

*

नाहूर, ५ मार्च २०२५

सौ. कुंदाताईंना नमस्कार.

'मापात' लावलं. पहिल्या महिन्याचा रिपोर्ट चार पूर्णांक आठ! डॉक्टर म्हणाले, शाब्बास परब. श्रेय तुमचं, शाब्बासकी यांना. माझ्याकडे कोण बघतंय.

पण ताई, हे जेवत नाहीत. ताटावर बसतात आणि भाजीकडे असे बघतात की भाजीलाच लाज वाटावी. कोकणातला माणूस. सोलकढी नाही, माशाचं तिखलं नाही, खोबरं नाही, डाळ चमचाभर. परवा म्हणाले, "सुगंधा, ह्यां जेवाण काय? ह्यां तर देवळातल्या पायरीवर बसलेल्याक पण कोण घालूचा नाय." चार किलो उतरलेत. अंगात ताकद नसली तर ऑपरेशन कसं सोसणार?

आणि एक गोष्ट माझ्या हातून होत नाही. कार्डावर लिहिलंय, भाजी भरपूर पाण्यात उकडा आणि पाणी फेकून द्या. फेकून द्या! माझ्या सासूने पेजेवरचं पाणी कधी मोरीत जाऊ दिलं नाही. उकडलेल्या भाजीच्या पाण्यात सगळा कस उतरतो, त्याला जरा लसूण-मिरचीची फोडणी दिली, कोकम टाकलं की सार होतं. बाळंतिणीला तेच, तापातून उठलेल्याला तेच. मी रोज ते हिरवंगार पाणी मोरीत ओतते आणि मनात म्हणते, आई, माफ कर.

तुम्ही पण फेकता ना पाणी? साहेब जेवतात का नीट? खरं सांगा, म्हणजे मला यांना सांगता येईल की बघा, साहेब कसे गुमान जेवतात.

नितेश लिफ्टच्या कामासाठी पंधरा दिवस नाशकाला आहे. घरी आम्ही दोघंच.

सुगंधा

*

बोरिवली, १७ मार्च २०२५

प्रिय सुगंधा,

पाणी फेकायचंच. त्यात कस उतरतो हे खरं, पण पोटॅशियमही त्यातच उतरतं, म्हणून तर उकडायला सांगतात. तुझ्या सासूबाईंना मी वर गेल्यावर समजावीन.

चार पूर्णांक आठबद्दल शाबासकी तुलाच. आता सव्वा महिना राहिला.

यांचं विचारलंस. यांची तब्येत आश्चर्य वाटावं इतकी सुधारलीय. जेवतात, मागून घेऊन जेवतात. गुरुवारी होळी होती. मी पुरण घातलं. हे दुपारी डायलिसिसहून आले, वास आला तसे थेट स्वयंपाकघरात. "कुंदा, कट काढलायस ना?" मग केली कटाची आमटी. गोडा मसाला, खोबरं, चिंच-गूळ, सगळं जसं आमच्या सासूबाई करायच्या तसं. पोळी अर्धीच खाल्ली, पण आमटी दोन वाट्या भुरकली. कपाळावर घाम आला, शर्टाच्या बाहीने पुसला आणि म्हणाले, आज जेवलो.

मी घाबरले होते. पण शनिवारी रक्त तपासलं, चार पूर्णांक सहा. एखाद्या दिवशी काही होत नाही, सुगंधा. माणसाला एखाद्या दिवशी त्याचं जेवण मिळायला हवं.

तू धीर धर. सहदेवरावांना माझा निरोप सांग, साहेब म्हणालेत की एप्रिलनंतर दोघं मिळून कोळंबी खायची.

कुंदाताई

*

नाहूर, ३० मार्च २०२५, पाडवा

सौ. कुंदाताईंना पाडव्याच्या शुभेच्छा.

तुमचं होळीचं पत्र मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. साहेबांनी बाहीने घाम पुसला ते ऐकून हे इतके हसले की ठसका लागला. मग म्हणाले, "साहेब खातत, मगे मी काय पाप केलंय?"

ताई, यांचं जेवण आता सुधारलंय. दोन वेळा पोटभर जेवतात. कसं ते भेटल्यावर सांगेन, पत्रात लिहिलं तर तुम्ही रागावाल. तोंडावर तेज आलंय. शेजारच्या माणिकताई म्हणाल्या, अहो, परब तर ऑपरेशनाआधीच बरे झाले.

पण काल रिपोर्ट आला. पाच पूर्णांक नऊ. डॉक्टर मला बोलले, नारळपाणी दिलंत का, केळं दिलंत का, संत्रं दिलंत का? मी देवाची शपथ घेऊन सांगितलं, यातलं काही यांच्या ओठाला लागलेलं नाही. खोकं जसं येतं तसं रांधते. मग ते म्हणाले, खोक्यातच काही गडबड असेल. पुढच्या शनिवारी परत तपासणार. वाढलेलंच असलं तर तारीख पुढे जाईल.

मला तारीख पुढे जाऊन चालणार नाही. 'मापात'वाल्या बायकांनी माल बदलला असेल का? मी दुसरं खोकं लावू का? तुमच्याकडे तिन्हींचा तक्ता आहे. लगेच कळवा, तुम्ही सांगाल ते उद्यापासून करते.

सुगंधा

*

बोरिवली, २ एप्रिल २०२५

प्रिय सुगंधा,

पत्र आजच मिळालं आणि आजच उत्तर टाकते. तिन्ही खोकी काढून बसले. फेब्रुवारीपासूनची कार्डं मी जपून ठेवली आहेत, एकेक कार्ड ताडून पाहिलं.

माझा निष्कर्ष असा. 'मापात'ने मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून घोसाळं बंद करून लाल भोपळा आणि बटाटा द्यायला सुरुवात केली आहे. उन्हाळ्यात घोसाळं महाग होतं, दुसरं काय. कार्डावरचा आकडा मात्र तोच छापलाय. भोपळा, बटाटा दोन्हींत पोटॅशियम जास्त. उकडून पाणी काढलं तर चालतं, पण जिथे तिथे बटाटा म्हटल्यावर आकडा वर जाणारच. दावा खोटा आहे हे मी लेखी द्यायला तयार आहे.

तू ताबडतोब 'समतोल' लाव. झुकिनी येईल, येऊ दे. इंग्रजी कार्ड नितेश वाचून दाखवील. 'मापात'च्या बायकांना मी खरमरीत पत्र लिहिते.

घाबरू नकोस. दोष सापडला आहे, आता आकडा उतरेल. यांनाही थोडा थकवा आहे, ऊन वाढलंय म्हणून असेल.

कुंदाताई

*

बोरिवली, २२ एप्रिल २०२५

प्रिय सुगंधा,

तुझं उत्तर नाही. ऑपरेशनच्या गडबडीत असशील, समजू शकते. परवा चोवीस. तुम्हा दोघांची शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडो. त्या दिवशी सकाळपासून मी देवाजवळ दिवा लावून बसणार आहे. एरवी माझं आणि देवाचं बोलणं बंद आहे, पण तुझ्यासाठी बोलेन.

शुद्धीवर आलीस की नितेशला दोन ओळी खरडायला सांग.

कुंदाताई

*

नाहूर, १० मे २०२५

सौ. कुंदाताईंना नमस्कार.

ताई, हे गेले. सात एप्रिलला, सोमवारी.

शनिवारी डायलिसिस झालं, रक्त घेतलं, रिपोर्ट सोमवारी संध्याकाळी मिळणार होता. सोमवारी दुपारी जेवले आणि उठताना म्हणाले, पायांत जीव नाही. मी म्हटलं, बसा जरा. पाणी आणायला वळले तोवर खाली बसले, ते बसलेच. मी हाका मारल्या, माणिकताई धावत आल्या, रिक्षा केली. हॉस्पिटलात डॉक्टरने हात लावला आणि माझ्याकडे बघितलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. सात पूर्णांक चार.

तुम्हाला खरं सांगते, कोणाला तरी सांगायला हवं. खोक्यात काही दोष नव्हता. मी उकडलेल्या भाजीचं पाणी फेकत नव्हते. तुमचं होळीचं पत्र आलं त्याच दिवशी मी पहिल्यांदा ठेवलं. पडवळाचं पाणी होतं. लसणाची फोडणी दिली, कोकम टाकलं. मनात म्हटलं, साहेबांनी अख्खा कट दोन वाट्या घेतला तरी चार पूर्णांक सहा, मग यांना एका वाटी साराने काय होणार? यांनी वाटी तोंडाला लावली आणि डोळे मिटले. मग दुसऱ्या दिवशी मागितलं. तुम्ही 'एखाद्या दिवशी' म्हणाला होतात, मी रोज दिलं, दोन्ही वेळा. बटाट्याचं पाणी, भोपळ्याचं पाणी, सगळं. डॉक्टरांनी नारळपाणी विचारलं, केळं विचारलं, साराचं कोणी विचारलंच नाही, आणि मला ते औषधासारखं वाटत होतं. मी खोटं बोलले नाही ताई. मला माहीतच नव्हतं की मी काय देतेय. पण तुम्ही लिहिलं होतंत, पाणी फेक. ते मी वाचलं होतं.

नितेशला फ्रीजमध्ये साराचं भांडं सापडलं. त्याने ते नेऊन डॉक्टरांना दाखवलं. परत आला आणि माझ्यासमोर मोरीत ओतलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. पैसे टेबलावर ठेवतो, जेवण बाहेर जेवतो. बाराव्याला गावच्या माणसांसमोर म्हणाला, बापाला मशीनने वाचवलं आणि आईने मारलं.

माझी किडनी ठणठणीत आहे. परवा हॉस्पिटलातून फाईल परत दिली, वरती रद्द असा शिक्का आहे. यांना वाचवायचं सामान माझ्या पोटात होतं आणि सतरा दिवस राहिले होते.

तुमचा काही दोष नाही. तुमच्या साहेबांची प्रकृती वेगळी, आमच्यांची वेगळी, असं मी मनाला सांगते. पण ताई, पाया पडते, साहेबांना आता एक चमचाही कट देऊ नका. त्यांना थकवा आहे असं तुम्ही लिहिलं होतंत. यांना पण तसाच थकवा होता. आजच्या आज तपासून घ्या.

सुगंधा

*

बोरिवली, १६ मे २०२५

सुगंधा,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

आमचे हे १९ जानेवारीला गेले. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा त्यांना जाऊन बारा-तेरा दिवस झाले होते. पाकिटावर तू सौ. कुंदाताई कर्णिक लिहिलं होतंस. निहार म्हणाला, त्या बाईंना कळव. मी हो म्हटलं. तुझं पत्र उघडलं तर त्यात ऑपरेशनची तारीख, सहदेवरावांची थट्टा, साहेब कसे आहेत. मला वाटलं, या बाईला आता मरणाची बातमी कशाला? एप्रिल होऊन जाऊ दे, मग सांगू. आणि दुसरं कारण त्याहून वाईट आहे. पत्र लिहीत असेपर्यंत माझ्या घरात हे खिडकीत बसून पेपर वाचत होते. ते मला हवंसं वाटलं.

खोकी मी बंद केली नाहीत. बंद करायला गेलं की मोबाईल कारण विचारतो. महाग वाटतं, चव आवडली नाही, परगावी जाणार. यातलं कुठलं निवडू? मग येऊ दिली. तिन्ही खोकी येत होती, मी तिन्ही रांधत होते आणि तक्ता भरत होते. निहारला वाटायचं, आई स्वतःसाठी मागवते.

होळीला आमच्याकडे पुरण घातलं नाही. वर्षाच्या आत सण करत नाहीत. त्या दिवशी मी दहीभात खाल्ला आणि तुझं पत्र घेऊन बसले. तू विचारलं होतंस, साहेब जेवतात का.

ते जेवत नव्हते, सुगंधा. शेवटचे तीन महिने चार घासांवर होते. मी कार्डाची ओळ न् ओळ पाळली. एका ग्रॅमनेही चुकले नाही. जानेवारीच्या सुरुवातीला एक दिवस म्हणाले, कुंदा, एकदाच कटाची आमटी कर, दोन वाट्या खातो आणि मग काही मागत नाही. मी म्हटलं, अजिबात नाही, रिपोर्ट बिघडेल. त्यांनी पुन्हा मागितलं नाही. रिपोर्ट शेवटपर्यंत उत्तम होते. माणूस अशक्तपणाने गेला.

होळीच्या पत्रात मी त्यांना त्या दोन वाट्या दिल्या. बाहीने घाम पुसला ते, आज जेवलो म्हणाले ते, चार पूर्णांक सहा, सगळं मीच रचलं. एखाद्या दिवशी काही होत नाही हे वाक्य मी तुला नाही, मला स्वतःला लिहिलं होतं. आणि तू आकडा वाढला म्हणून विचारलंस तेव्हा मी भोपळा आणि बटाटा ताडत बसले. लोकांचे खोटे दावे तीस वर्षं पकडले, पण हा माझाच होता आणि मी त्याच्यावर तुला सल्ला दिला.

तू मारलं नाहीस. मी लिहिलं नसतं तर तू पाणी फेकत राहिली असतीस. हे नितेशला दाखव. तो म्हणेल तिथे मी येईन आणि त्याच्यासमोर, गावच्या माणसांसमोर सांगेन. माफी मागायचा मला अधिकार नाही, म्हणून मागत नाही.

कुंदा

*

नाहूर, २ जून २०२५

कुंदाताई,

तुमचं पत्र नितेशला दाखवलं. त्याने उभ्याउभ्याच सगळं वाचलं. मला वाटलं, आता तरी आई म्हणून हाक मारील. तो म्हणाला, "पण त्याच होळीच्या पत्रात त्यांनी पहिल्याच ओळीत पाणी फेक लिहिलं होतं ना? ते का नाही ऐकलंस?" आणि कामावर गेला. तुम्ही इथे येऊन काही उपयोग नाही. येऊ नका.

मी तुम्हाला शिव्या घालायला बसले होते. तुम्हीच म्हणता माझा शब्दसंग्रह मोठा आहे. दोन दिवस मोठमोठ्याने घातल्या, भांडी घासताना, एकटीच. साहेबांना तुम्ही नाकारलेली वाटी आमच्या यांना पाजलीत, एवढंच मला कळतं. स्वतःच्या नवऱ्याला खोट्या जेवणावर जिवंत ठेवलंत आणि माझा खराखुरा जिवंत होता तो गेला. मी तुमच्या आकड्यावर जितका विश्वास ठेवला तितका डॉक्टरवर पण ठेवला नव्हता.

माफ करायचं म्हटलं तरी माझ्याने होत नाही. उगाच चांगुलपणा दाखवत नाही.

पण एक लिहिते, कारण ते आतल्या आत कुजतंय. ते अठरा दिवस हे जेवले. रोज. सार तोंडाला लावून मला म्हणायचे, "सुगंधा, आता कसा घरात असल्यासारखा वाटता." तीन वर्षांत पहिल्यांदा मला पंगतीत वाढल्यासारखं वाटलं. ते मी नाकारलं असतं आणि हे एप्रिल गाठून बरे झाले असते तर मी सुखी असते. आणि नाकारूनही गेले असते तर मी तुमच्यासारखी झाले असते, खोकी उघडत बसलेली. यातलं कुठलं झालं असतं ते कोणी सांगू शकत नाही. साहेब पण नाही, डॉक्टर पण नाही.

साहेब गेल्याचं वाईट वाटलं. हे मात्र खरं लिहितेय. आमच्या यांना शेवटपर्यंत वाटत होतं की एप्रिलनंतर कोळंबी खायला बोरिवलीला जायचंय.

आता मला पत्र लिहू नका. माझ्याशी घरात कोणी बोलत नाही, दिवसभर दाराकडे कान असतो. तुमचं पत्र आलं तर मी वाचेन आणि उत्तरही देईन. म्हणून सांगते, लिहू नका.

सुगंधा परब